कानानं पारखलेला संगणक

वर्ध्याला आर्वी नाक्याजवळ माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक लांब टेबल आणि मागच्या फडताळात पोट उघडं टाकून बसलेले संगणक. गेल्या वर्षी गुडघ्यांनी बजावलं की आता पुरे, म्हणून शटर ओढलं. तरी बाजारात वांगी निवडत असले की मागून हाक येतेच, "ओ कॉम्प्युटरवाल्या ताई!" मग वांगी एका हातात आणि कोणाचा तरी अडलेला प्रिंटर दुसऱ्या हातात, असं आमचं बोलणं सुरू होतं. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

उभ्या धंद्यात लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले. "ताई, सिस्टीम कोणती चांगली?" आणि "अँटिव्हायरस कोणतं टाकू?" उत्तर एका शब्दात हवं असायचं. बाहेर गाडी चालू ठेवून विचारायचे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातली कर्ती बाई. कोणाला काय लागतं, कुठला डबा कुठे आहे, आधी कोणाला वाढायचं, हे सगळं ती बघते. घरोघरी असते ती विंडोज. तिची सगळ्यांना ओळख असते, आणि म्हणून चोरांनाही असते. सफरचंदाचं चित्र असलेले संगणक आमच्याकडे फार थोडे आले. आले की मी आधी हात धुऊन यायची. तिसरी लिनक्स. ती फुकट मिळते, जुन्या मशीनवर पळते आणि चोर तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा ती बघतो आणि "हे काय टाकून ठेवलं?" म्हणून नाक मुरडतो. अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा राखणदार. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणं हे त्याचं काम.

नाचणगावच्या एका गुरुजींच्या संगणकात असे तीन राखणदार बसलेले होते. मशीन चालू केलं की गुरुजी अंघोळीला जायचे आणि परत येईपर्यंतही पडदा निळाच असायचा. मी कपाळावर हात मारला.

"गुरुजी, तीन-तीन काऊन टाकले?"

"एकाले झोप लागली तर दुसरा जागा पायजे ना, ताई. वावरात नाई का, एका जागल्याच्या भरवशावर कोणी राहते?"

जागल्यांचं ठीक आहे, ते एकमेकांना ओळखतात. हे तिघं एकमेकांनाच चोर समजून दिवसभर झडत्या घेत होते. दोघांना काढलं तर मशीन पळायला लागलं. गुरुजींना मात्र ते पटलेलं दिसलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते रस्त्यात भेटले की हळूच विचारायचे, "एकटाच आहे ना अजून तो?"

कारंज्याच्या एका धाबेवाल्याकडे उलटी गत. त्याच्या संगणकावरून ट्रकवाले पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून न्यायचे आणि गावोगावचे व्हायरस ठेवून जायचे. दर पंधरवड्याला तो संगणक माझ्या टेबलावर. शेवटी मी हात टेकले आणि त्यात लिनक्स टाकलं. त्याला नवीन काही दिसलं की घाबरायला व्हायचं, म्हणून पडद्यामागचं विंडोजचं हिरव्या टेकडीचं चित्र तेच ठेवलं, गाण्यांची पेटी त्याच कोपऱ्यात मांडली. त्याला पत्ताच लागला नाही. तो सगळ्या हायवेवर सांगत सुटला, "वर्ध्याच्या ताईनं असं विंडोज टाकून देलं की व्हायरस येतच नाई!" त्याच्या शब्दावर मला अमरावतीपर्यंतची गिऱ्हाइकं आली, आणि प्रत्येकाला तेच विंडोज हवं होतं.

अशा गमती कितीही सांगता येतील. पण दुकान बंद करताना मी फडताळाकडे बघत उभी राहिले, तेव्हा मला आंजीचे मनोहरकाका आठवले.

मनोहरकाका जन्मापासून आंधळे. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी उभी नोकरी केली, आणि निवृत्त होऊन आंजी मोठीला आपल्या घरी राहायला आले. एकदा ऐकलेला आवाज ते विसरत नाहीत. दुकानाच्या पायरीवर त्यांनी काठी ठेवली, "जय भीम, ताई" म्हणाले, आणि मी "या" म्हटल्याबरोबर विचारलं, "सर्दी झाली का तुमाले?" झाली होती.

सोबत वच्छलाकाकू होत्या. लग्न झाल्यापासून रोज सकाळी चहानंतर त्या काकांना पेपर वाचून दाखवायच्या. वाचायच्या म्हणजे आपल्या मर्जीनं वाचायच्या. राजकारण गाळायचं, भांडणं गाळायची, पाककृती मात्र जिन्नसांसकट वाचायची. मग घडी घालून रोज एकच वाक्य: "झाला पेपर. आज काही खास नाई."

"ताई, सरकारं पडली, नवी आली, मले लाडवाचे प्रकार ठाऊक झाले," काका म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मग आपणहून सांगितलं. काकांच्या बरोबर नोकरीला असलेले वामनराव हिंगणघाटला वारले. पेपरात चार ओळी आल्या होत्या. तेव्हा काकांचं छातीचं दुखणं नुकतंच निभावलं होतं, म्हणून काकूंनी त्या ओळी गाळल्या आणि घडी घातली. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला. मग बसस्टँडवर कोणीतरी काकांना विचारलं, "वामनरावाच्या मातीले दिसले नाई तुमी?"

काका भांडले नव्हते. आताही ते फक्त म्हणाले, "तिनं माझ्या भल्यासाठीच केलं. पण ताई, मले माझा पेपर मले वाचायचा आहे. चांगला-वाईट जो असंन तो."

"वाचू द्या त्यायले," काकू म्हणाल्या.

आंधळ्या माणसाला संगणक वापरता येतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. माऊस लागत नाही, सगळं बटणांवर चालतं. वर्तमानपत्रांची पानं आता संगणकावर येतात, तीही हे प्रोग्राम वाचतात. आपण दाबलेलं प्रत्येक बटणही ते बोलून दाखवतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी टेबलावर दोन संगणक मांडले. एकात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज. खरं सांगायचं तर माझं मन लिनक्सकडे होतं. मी बरीच वर्षं लोकांना तिचे गोडवे गात होते. फुकट आहे, व्हायरसची धास्ती कमी, काकांचं मशीन जुनं. मी पंधरा मिनिटं बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी बोलल्या. आता त्यायले बोलू द्या."

आतापर्यंत माझ्या दुकानात लोकांनी सिस्टीम रंगावर निवडल्या होत्या, शेजाऱ्याकडे काय आहे त्यावर निवडल्या होत्या. कानानं निवडणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. लिनक्सचा मराठी आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखा यायचा, 'ळ' आला की अडखळायचा. दुसऱ्या मशीनवर मी एका बाईचा वेगळा आवाज बसवला होता. तो बराच माणसात होता. काकांनी दोन्हीकडून एकच बातमी ऐकली, मान तिरकी करून.

"पहिला प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "पण त्याच्यासंगं रोज चहा पिववणार नाई. दुसरी बरी आहे. थोडा शहाणपणा करते, पण बरी आहे."

"अन् बाई आहे," काकू म्हणाल्या.

काकांचं दुसरं कारण जास्त वजनदार होतं. नागपूरला त्यांचे चार-पाच अंध मित्र होते आणि ते सगळे विंडोजच वापरायचे. कुठलं बटण दाबायचं हे अडलं तर फोन करून विचारायला माणसं होती. मला हे सुचायला हवं होतं. घरच्या वापराला सगळ्यात चांगली सिस्टीम तीच, जिच्याबद्दल हाकेच्या अंतरावर कोणाला तरी विचारता येतं. त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच विचारायला लागले की तुमच्या ओळखीत कोण काय वापरतं.

दोनेक महिन्यांत काका तरबेज झाले. रोज सकाळी पेपर स्वतः ऐकायचे, अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत, आणि मला फोन करून सरकारवर टीका करायचे. काकू पाककृतींसाठी शेजारी बसायच्या. त्यांना आता अक्षर धूसर दिसायचं, मोतीबिंदू पिकत आला होता. एकदा मी गेले तेव्हा त्यांनी मला कुरड्या तळून दिल्या. आर्वीच्या सुशीलेनं पाठवलेल्या होत्या. सुशीला म्हणजे काकूंची वसतिगृहातली मैत्रीण. दोघी एका चादरीत झोपायच्या म्हणे. आता ती अंथरुणाला खिळली होती, फोनवर बोलणं होत नव्हतं, तरी कुरड्या सुनेकडून आठवणीनं पाठवायची.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, ते मेलं का? मी बटणं दाबून राह्यलो, पंखा फिरून राह्यला, पण ते बोलूनच नाई राह्यलं. माझ्या हातून काही बिघडलं का?"

मी गाडी काढली. घरी काकांचा पुतण्या प्रशांत होता. तो वर्ध्यात नोकरीला, सुटीच्या दिवशी आंजीला यायचा. काका-काकूंना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळी काळजी त्याच्या डोक्यावर. आदल्या रविवारी त्यानं मोठ्या हौसेनं संगणकात विकतचं अँटिव्हायरस टाकून दिलं होतं.

झालं होतं ते असं. वाचून दाखवणारा प्रोग्राम प्रत्येक दाबलेलं बटण बोलून दाखवतो हे मी मघाशी सांगितलं, म्हणजे आधी तो ते टिपतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही नेमकं तेच करतात. नव्या राखणदाराला दोघांतला फरक कळला नाही. त्यानं काकांच्या त्या बाईला संशयित ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोठडीत, टाकलं होतं. आणि तसं केल्याची सूचना पडद्यावर ठळक अक्षरात दिली होती. आंधळ्या माणसाच्या पडद्यावर!

"क्वारंटाइन?" काकू म्हणाल्या. "तिलेही झाला का तो रोग?"

मी तिची सुटका केली. खोलीत तो आवाज आला तेव्हा काकांनी खुर्चीच्या हातावर ठेवलेली मूठ सोडली. राखणदाराला कितीही समजावलं तरी पुढच्या अपडेटनंतर तो पुन्हा तेच करील अशी मला शंका होती. म्हणून मी म्हटलं, हा काढून टाकू. विंडोजच्या सोबत तिची स्वतःची राखण येतेच, ती चालू ठेवू. अपडेट वेळच्या वेळी होऊ देऊ. आणि काकांचं खातं असं करू की त्यांच्या हातून काही नवं बसवलंच जाणार नाही, बसवायचं तर वेगळा पासवर्ड लागेल. घरच्या माणसाला एवढं पुरतं.

प्रशांतला ते मान्य नव्हतं. "मोठेबाबा, तुमाले दिसत नाई. चांगल्या डोळ्याचे लोकं फसून राह्यले. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"मंग ठीक आहे. पण एकदा जरी काही गडबड झाली ना, तर हे मशीन कपाटात जाईन. मी रविवारी येऊन मोबाइलवरून वाचून दाखवीन तुमाले. मले तुमची काळजी हाय म्हून म्हणतो."

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या आवाजात भीती होती, आणि ती खरी होती. काका गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "रविवारचा पेपर, तोही दुसऱ्याच्या मर्जीचा. परत तिथंच गेलो ना मी, ताई?"

मला घरी गेल्यावरही चैन पडली नाही. राखणदार काढायचा सल्ला माझा होता. उद्या काही झालं असतं तर काकांचा पेपर माझ्यामुळे गेला असता.

ती वेळ आलीच. उन्हाळ्यातला रविवार, आमची जेवणं नुकतीच झालेली. प्रशांतचा फोन. मागे सायरन वाजत होता, इतक्या जोरात की मला वाटलं आग लागली.

"ताई, पूर्ण पडदा लाल झाला! एक बाई बोंबलून राह्यली, तुमचा संगणक लॉक झाला, सगळी माहिती चोरीले गेली, ताबडतोब या नंबरवर फोन करा म्हणते. मी नंबर लावूनच राह्यलो होतो, तर मोठेबाबांनी हात धरला. काय करू?"

हे लाल पान मी शेकडो संगणकांवर पाहिलं आहे. ते निव्वळ ढोंग असतं. संगणकाला काही झालेलं नसतं. घाबरून आपण फोन केला की पलीकडचा भामटा गोड बोलून घरात शिरतो. चांगले शिकले-सवरलेले लोक त्या लाल रंगानं गारठतात. मी काही सांगणार, एवढ्यात सायरन थांबला. फोनवर काका आले.

"केलं बंद. तुमी दाखवलेल्या बटणांनी."

"काका, तुम्हाला कसं कळलं ते खोटं आहे?"

"ताई, मी जल्मभर फोनवर होतो. आग लागली, अपघात झाला, कोणाचं माणूस गेलं, सगळे फोन माझ्या हातून गेले. ज्याच्यावर खरी बितली तो असा ओरडत नाई. तो आधी गप राहते. आपल्याले दोनदा हॅलो म्हणा लागते, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघते. अन् ही बाई तर शाळेत पाठ करून आल्यासारखी बोंबलून राह्यली होती. लाल-बिल मले काय माहीत!"

प्रशांतनं पुन्हा फोन हातात घेतला. मग म्हणाला, "ताई, मी एकटा असतो तर लावला असता मी नंबर." कपाटाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. त्या रात्री मी निवांत झोपले.

त्यानंतर माझी शेवटची फेरी झाली ती हिवाळ्यात. दुकान बंद झालं होतं, काम काहीच नव्हतं, वच्छलाकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून संत्री घेऊन भेटायला गेले होते. काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं तसंही धुकंच दिसायचं. चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

"पाहा ताई, उलटं झालं," काकू खुशीत होत्या. "आता हे मले पेपर वाचून दाखवतात."

आणि खरंच, काका संगणकापुढे कानात हेडफोन घालून बसले होते. आत ती बाई वाचायची आणि काका एकेक बातमी आपल्या शब्दांत काकूंना सांगायचे, मध्ये मध्ये स्वतःची टीका घालून. आज पाककृती होती. काकांनी ती जिन्नसांसकट सांगितली. काकूंनी हळद जास्त आहे म्हणून तीत दुरुस्ती केली. मी संत्र सोलत काकांच्या खुर्चीमागे उभी होते.

पडद्यावर जिल्ह्याचं पान आलं. खाली निधनवार्ता. दुसऱ्याच ओळीत आर्वी, आणि सुशीलेचं नाव.

काकांचं बोट बटणावर थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा ऐकली असावी, कारण पडद्यावरची खूण मागे गेली आणि परत पुढे आली. माझ्या हातातलं संत्र तसंच राहिलं. साल सोलल्याचा आवाज थांबला तसा काकांनी चेहरा माझ्याकडे वळवला आणि बोट ओठांवर ठेवलं. ज्या माणसानं आपला पेपर आपणच वाचायचा म्हणून एवढा हट्ट धरला, तो आता चार ओळी गाळायच्या की नाही याच्या विचारात बसला होता.

काकांनी हेडफोन काढला. टेबलावर नीट ठेवला.

"झाला पेपर," ते म्हणाले. "आज काही खास नाई."

खाटेवर काकू गप्प राहिल्या. बराच वेळ. काकांनी दोनदा हाक मारली, "वच्छला... वच्छला."

मग काकूंनी विचारलं, "कोण गेलं?"

काका उठले, चाचपडत खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी काकूंचा हात हातात घेतला.

"पट्टी निघू दे. मंग मी स्वतः सांगतो तुले."

काकूंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण मी लावला तेवढा उशीर नोका लावू."